हनुवटीवर गोंदण असलेली ग्रीक बाई

माझ्याकडे जर्मन एकही नाही. इंग्रज नाही, अमेरिकन नाही, रशियन नाही. खेळण्यातले सैनिक जमवणाऱ्याकडे हे नसावेत म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरणभात नसावा तसं आहे, असं दुसऱ्या एका जमवणाऱ्यानं मला फोनवर ऐकवलं होतं. ऐकवू दे. जर्मनांचं कौतुक करायला अख्खं जग बसलंय. मला ओढ होती ती दुसऱ्या महायुद्धात उतरलेल्या आणि नंतर कुणाच्या खिजगणतीतही न राहिलेल्या फौजांची. ब्राझीलहून इटलीच्या थंडीत लढायला आलेले शिपाई, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी तोवर बर्फ बघितलेला नव्हता. कॉंगोतले लाल टोपीवाले, बेल्जियमच्या हुकमानं इथिओपियाच्या डोंगरात गेलेले. अनवाणी लढलेले इथिओपियन. आधी एका बाजूनं लढलेले आणि मग त्याच बाजूवर उलटलेले स्लोव्हाक. खेचरांच्या पाठीवर तोफा लादून कडे चढलेले ग्रीक. यांच्या मूर्ती ओतणारे कारागीर जगात मोजके आहेत, त्यामुळे एकेकासाठी महिनोन्महिने वाट बघावी लागते. मला त्याचं काही वाटत नसे. वाट बघणं हे एकच काम मला आयुष्यात नीट जमलंय, अशी तेव्हा माझी समजूत होती.

हे शिपाई करंगळीएवढे असतात. शिसं आणि कथील मिसळून ओतलेले. येतात तेव्हा नुसता राखाडी धातू. रंग आपण द्यायचा. आधी अस्तराचा हात, मग कपडे, पट्टे, बूट आणि त्यावर चिखल. लढाईतला माणूस स्वच्छ नसतो. कोरे करकरीत रंगवलेले सैनिक मला बघवत नाहीत, ते वरातीला निघाल्यासारखे दिसतात. गुडघ्यावर माती, बुटांवर वाळलेला गारा, कॉलरला घामाचा काळपट डाग, बंदुकीच्या नळीवर गंज, हे सगळं मी पातळ तपकिरी रंगानं तासन्‌तास बसून करायचो. त्या चिखलाचा मला गर्व होता. तो गर्व आता कुठं नेऊन पुरू, हे कळत नाही.

जमायची नाहीत ती फक्त तोंडं. डोळा म्हणजे मोहरीहून बारीक ठिपका, आणि असे दोन, एकाच रेषेत, एकाच दिशेला बघणारे. माझे सगळे शिपाई एक तर दचकलेले दिसायचे नाही तर प्यालेले.

ही अडचण माझ्या बायकोनं सोडवली. खरं तर त्या वेळी ती माझी बायको नव्हती, घरमालकिणीची मुलगी होती. मी मूळचा परभणीकडचा. हिंजवडीत नोकरी लागली, काही वर्षं जवळच्या नेरे गावात काढली, आणि तिथं मजल्यावर मजले चढायला लागल्यावर वैतागून पिरंगुटजवळच्या भरे गावात आलो. सासूबाईंनी वरच्या मजल्यावरची खोली मला दिली. सासरे आधीच गेलेले होते. मुलगी पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला होती. भिंगाखाली सर्किटचे तुकडे धरायचे, मुंगीच्या पायाएवढ्या टोकांना सोल्डर करायचं, हे तिचं काम. एकदा पाण्याची मोटर चालू केल्याचं सांगायला ती वर आली, टेबलावरचा माझा इथिओपियन तिनं उचलला, खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाली, "ह्येला काय चावलंय का?"

मग तिनं माझ्या हातातला ब्रश मागून घेतला. श्वास धरला, दोन ठिपके दिले आणि तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला आजही वाटतं की मी लग्नाचं तिथंच ठरवलं. गावात लोक म्हणाले, भाडं बुडवायला पोरगी केली. घरजावई म्हणूनही बरीच चेष्टा झाली. मी ती मजेत ऐकून घेतली, कारण मी सुखात होतो.

पुढची सगळी वर्षं कपडे माझे आणि तोंडं तिची. तिचा एक नियम होता, डोळे शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी जशी सगळं झाल्यावर करतात, तसं. डोळे काढायच्या आधी ती विचारायची, ह्यो कोन, कुठला, कुणाशी लढला. मी सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि मग तिला वाटेल तेच करायची. ब्राझीलच्या सुभेदाराला तिनं आमच्या रूटच्या बसकंडक्टरचं तोंड दिलं, सुटे पैसे मागितल्यावर तो जसा बघतो तसं. कॉंगोचा बिगुलवाला आमच्या दूधवाल्यासारखा गाल फुगवून उभा. एका स्लोव्हाकाला माझा चेहरा होता, तोही मी जेवणात मीठ कमी पडल्यावर करतो तसा. ज्या माणसांना जगानं विसरून टाकलं, त्यांना तिनं भऱ्या-पिरंगुटातली जिवंत तोंडं दिली. मी इतिहासाची पुस्तकं उघडून भांडायचो, ती हसायची.

सासूबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "आजून पिकला न्हाई." तो वर्षानुवर्षं पिकत राहिला. त्या खालून विचारायच्या, "दिसभर काय करतीस गं वर?" आणि लेक वरून सांगायची, "वीरांचं करतीया."

हे मुद्दाम समजावून सांगायला हवं. आमच्या देव्हाऱ्यात, म्हणजे सासूबाईंच्या, कुलदैवताच्या टाकांशेजारी एक वीराचा टाक आहे. टाक म्हणजे देवाची उठावाची लहानशी धातूची पट्टी. वीर म्हणजे त्या घराण्यातला कधी तरी कुठल्या तरी लढाईत पडलेला कुणी. घोड्यावर बसलेला, हातात तलवार. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, लढाई कुठली तेही नाही, पण त्याला नैवेद्य चुकत नाही. तेव्हा वर कपाटात लढाईत पडलेल्या माणसांच्या धातूच्या मूर्ती आहेत म्हटल्यावर सासूबाईंच्या लेखी त्या वीरच होत्या. अमावस्येला त्या चाचपडत जिना चढून यायच्या आणि कपाटापुढं उदबत्ती ओवाळायच्या. धुरानं रंग काळवंडतो म्हणून मी बायकोकडे कुरकुर करायचो. बायको म्हणायची, "करू द्या. त्येंच्या घरी कोन लावतंय उदबत्ती?"

मग तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्यावर मला इथं जास्त लिहायचं नाही. कारखाना सुटला. ती घरी पडून असायची, आणि जरा बरं वाटलं की ब्रश मागायची.

त्याच दिवसांत ग्रीसची बाई आली. माझ्या सगळ्या जमवाजमवीत ती एकटीच बाई. त्या युद्धात ग्रीसच्या डोंगरातल्या गावांमधल्या बायकांनी दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर बांधून बर्फातून आघाडीपर्यंत नेल्या होत्या. डोक्याला फडकं, कमरेत वाकलेली, पाठीवर पेटी आणि पेटीला दोरखंड. मी त्या दोरखंडावर अख्खा आठवडा घालवला. एकेक पीळ वेगळा दिसत होता. मग ती मूर्ती बायकोकडे दिली. या खेपेला ती कोण, कुठली, हे तिनं विचारलं नाही. उशीला टेकून, मध्येमध्ये थांबत, तिनं तोंड केलं आणि माझ्या हातात दिलं.

मी भिंगातून बघितलं. डाव्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली. भुवयांच्या मध्ये उभी आठी. आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके.

"ग्रीसमध्ये गोंदण नसतं असं," मी म्हणालो.

"तुमी गेलावता व्हय बगायला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आई हाय ती. डोंगरावरनं भाताचं भारं आनायची, तवा आशीच दिसायची."

खालच्या अंगणात सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांना सूप दिसत नव्हतं, पण हात बरोबर चालत होते. मी म्हटलं, आत्ताच नेऊन दाखवू. ती नको म्हणाली. दिसणार तर नाही, नुसतं सांगून काय उपयोग. "तिचं डोळं झालं की दावा. पर सांगू नका कोन हाय ते. तिलाच वळखू द्या." मी कबूल केलं. तिनं आईसाठी कधी विणकाम केलं नव्हतं, भरतकाम केलं नव्हतं, रांगोळीतही तिला रस नव्हता. आईला तिच्या हातचं म्हणून देण्यासारखं एवढं एकच होतं, आणि ते तिळाएवढं होतं.

ती गेली. त्यानंतर सासूबाई बरेच दिवस एकच वाक्य बोलायच्या, लेकीच्या हातचं काय बी राह्यलं न्हाई मला. मी गप्प बसायचो, कारण माझ्याकडे उत्तर होतं आणि ते सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. एवढंच म्हणालो, "आई, तुमचे डोळे झाले की मला तुम्हाला एक वस्तू दाखवायचीय." त्या तेवढ्यावर ऑपरेशनला तयार झाल्या. ज्या बाईनं मोतीबिंदू इतकी वर्षं पिकवत ठेवला, ती एका शब्दावर दवाखान्यात जाऊन झोपली.

एक डोळा झाला, दुसरा झाला. काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढं बसणं नाही. लांबचं त्यांना लख्ख दिसायला लागलं. पण जवळचं धूसरच होतं, त्याला वेगळा चष्मा लागणार होता आणि तो नंबर स्थिर झाल्यावर. तिळाएवढं तोंड चष्म्याशिवाय दिसणार नाही, म्हणून मी थांबलो. अविधवा नवमीला बायकोच्या नावानं पान वाढलं तेव्हा मनात होतं की आज दाखवावं, पण चष्मा आलेला नव्हता. आणखी थोडे दिवस, मी म्हटलं. वाट बघणं मला जमत होतंच.

मधल्या काळात सासूबाईंना घर दिसायला लागलं. हे ज्यांच्या घरात मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत त्यांना कळेल. भिंतीवरचे डाग, कोपऱ्यातली जाळी, पातेल्यांची काळी बुडं, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. "आपन येवढ्या घानीत राहत व्हतो व्हय," म्हणत त्यांनी फडकं हातात घेतलं ते खाली ठेवेचनात. मी हसायचो. खूप दिवसांनी घरात कुणी तरी कशात तरी रमलं होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी दुकानातून चष्मा तयार असल्याचा फोन आला. मी ऑफिसातून लवकर निघालो, पिरंगुटला जाऊन चष्मा घेतला, शर्टाच्या खिशात घातला आणि घरी आलो. वाटेत मी अगदी ठरवून टाकलं होतं. त्यांना खिडकीशी बसवायचं, चष्मा घालायला लावायचा, बाई हातात द्यायची आणि काही बोलायचं नाही. त्या उतरलेल्या पापणीकडे बघून त्या काय म्हणतील, याची मी मनातल्या मनात उजळणी करत होतो. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

सासूबाई गच्चीवर होत्या. धुतलेलं लुगडं पसरून त्यावर देव वाळत घातलेले. नवरात्राच्या आधी आमच्याकडे देव उजळतात, चिंच आणि राख लावून, नारळाच्या शेंडीनं घासून. टाक सोन्यासारखे लखलखत होते. आणि त्यांच्याशेजारी ओळीनं माझी सगळी फौज, ब्राझील, कॉंगो, इथिओपिया, स्लोव्हाक, ग्रीक, खेचरांसकट, पांढरीफटक. एकाच्याही अंगावर रंगाचा कण नव्हता.

"बगा की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झाला होता. "कसं चांदीवानी निघालं. लांब धरून बगितलं, तर लई मळ व्हता. गुडघ्यापतोर चिकूल, मानंला घामाचं डाग, बंदुकीला जंग. आधी सोड्याच्या पान्यात उकळलं, मग चिच आन राख. हात दुकलं, पर निघालं."

मी ओळीत ग्रीसची बाई शोधली.

"पोरीनं येवढा जीव लावून वीर ठिवलं," त्या म्हणाल्या, "आन ती गेल्यावर आपन त्येंस्नी तसंच मळकं ठिवायचं? म्या न्हाई उजळनार तर कोन उजळनार?"

माझा चिखल. मी इतक्या हौसेनं केलेला तो चिखल त्यांनी बघितला, तो खरा मानला, आणि लेकीच्या मायेपोटी तो धुऊन काढला. चिखल केला नसता तर त्यांनी कदाचित हातही लावला नसता. हे गणित मी गच्चीवर उभ्या उभ्या केलं आणि तेव्हापासून रोज करतो.

त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं आणि चष्मा मागितला. मी दिला. तो लावून त्यांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली आणि नेमकी ती बाई उचलली. डोळ्यांसमोर धरली. उन्हात तिरपी केली.

"ही बाई हाय की," त्या म्हणाल्या. "वझं घिऊन चाललीया. नाक हाय, पर डोळं न्हाईत. इसरला व्हय करनारा?"

"विसरला असेल," मी म्हणालो.

त्यांच्या चष्म्याच्या काचेआड डाव्या डोळ्याची पापणी उतरलेली होती. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. मी खाली येऊन मोरीत नळ सोडला आणि रडलो.

फोटो असतीलच, असं कुणालाही वाटेल. आहेत. रांगेतल्या सैनिकांचे पुष्कळ आहेत, पण तोंड मोठं करायला जावं तर त्याचे नुसते चौकोन होतात. ग्रीसच्या बाईचा फोटो एकच आहे आणि तो पाठमोरा आहे. दोरखंडाचे पीळ नीट यावेत म्हणून मी तो पाठीमागून काढला होता. पीळ फार छान आलेत.

मी ते तोंड पुन्हा करून बघितलं. भिंग, ब्रश, खिडकीतला उजेड, सगळं तेच. अस्तर दिलं, कातडीचा रंग दिला, श्वास धरला. डोळे दचकलेले आले. पुसले. पुन्हा केले, प्यालेले आले. गोंदणाचे ठिपके देताना तिसरा फिसकटला आणि हनुवटीला जखम झाल्यासारखी दिसायला लागली. मी रंग धुऊन टाकला. तिचा हात तिच्याबरोबर गेलाय, हे मला स्मशानात कळलं नव्हतं ते या टेबलाशी कळलं. त्या दिवसापासून मी ब्रश उचलला नाही. नवीन मूर्तींचं एक पाकीट येऊन पडलंय, ते फोडलेलंही नाही. बाकीच्यांचं मला आता काही वाटत नाही. कंडक्टर गेला, दूधवाला गेला, मीठ कमी पडलेला मी गेलो. जाऊ देत.

नवरात्रात सासूबाईंनी ती बाई देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, घोड्यावरच्या वीराशेजारी. हिला कुनी न्हाई दिसतंय, म्हणाल्या, ऱ्हाऊ दे हितं. तिला हळदीकुंकू लागतं, फूल मिळतं. सकाळी चहा घ्यायला खाली गेलो की ती मला दिसते, वाकलेली, तोंड नसलेली. आणि तिच्यापुढं हात जोडून बसलेलं तिचं तोंड.

दसरा झाल्यावर एका दुपारी सासूबाईंनी विचारलं. मला माहीत होतं की त्या कधी तरी विचारणार.

"जावयबापू, तुमी म्हनला व्हता, डोळं झालं की कायतरी दावतो. काय व्हतं?"

खरं सांगितलं असतं तर त्यांना काय मिळालं असतं? लेकीनं आईचं तोंड काढलं होतं हे, आणि ते आईनंच राखेनं घासून काढलं हे, दोन्ही एकाच वाक्यात. एक सांगून दुसरं लपवता येत नाही. मी खूप विचार केला, येत नाही. म्हणून मी म्हणालो, चला. त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि पौडच्या पुढं धरणापर्यंत हळूहळू घेऊन गेलो. धरण काठोकाठ भरलेलं होतं. पलीकडच्या डोंगरावर ऊन पडलं होतं. मी स्कूटर उभी केली आणि पाण्याकडे हात केला.

"हे," मी म्हणालो. "नव्या डोळ्यांनी बघावं तुम्ही, असं वाटत होतं."

त्यांनी बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा बघितलं. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्ये तर मला डोळं नव्हतं तवा बी ठावं व्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, तिच्या हातचं कायतरी आसंल."

"नाही," मी म्हणालो. "तिच्या हातचं काही राहिलेलं नाही."